मुठीखालचा स्क्रू

माझ्या पुतण्यानं मागच्या दिवाळीत लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. ती घेऊन तो पुण्याहून चंद्रपूरला आला आणि अंगणात उभा राहून मला तिची कौतुकं सांगू लागला. डाव्या अंगठ्याशी एक बटण होतं. ते दाबलं की गाडी आहे त्या वेगाला चिकटून राहते, वेगाची मूठ पिळून धरायची गरज नाही. वेग वर-खाली करायला दुसरं बटण. ब्रेक लावला की सगळं आपोआप सुटतं. ‘काका, तुमच्या टाइमाले असं काही नसन,’ तो म्हणाला. मी म्हटलं, होतं. त्याला वाटलं म्हातारा फेकतोय.

होतं, पण ते बटण नव्हतं, स्क्रू होता. आणि ब्रेक लावल्यावर आपोआप सुटायची अक्कल त्याला नव्हती. त्या स्क्रूपायी माझा उजवा हात जायच्या बेतात आला होता. गेला नाही. हे मी त्याच हातानं लिहितोय, करंगळी तेवढी अर्धी झोपलेली आहे. पण जवळजवळ वर्षभर तो हात माझ्या डोळ्यांदेखत मरत होता आणि मला पत्ता नव्हता. माझी नोकरी लोकांचे हात तपासायची होती, हे यातलं सगळ्यात लाजिरवाणं. पुतण्याला हे सगळं सांगायचं मनात होतं, पण त्याचा चहा संपला होता आणि त्याला गाडी धुवायची होती. म्हणून इथं सांगतो.

ऐंशीच्या दशकातले मधले दिवस. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. गावोगाव जायचं, घरातल्या एकूण एक माणसाला दिवसाच्या उजेडात उभं करायचं, पाठ, पोट, हात, पाय पाहायचे. कातडीवर फिकट चट्टा दिसला तर तिथं स्पर्श कळतो का ते बघायचं. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपायची, कारण हा रोग कातडीपेक्षा नसांचा जास्त. नस सुजली की बोटांची जाणीव जाते, मग ताकद जाते, मग बोटं आखडतात. लवकर सापडलं तर यातलं काहीच होत नाही. नवीन औषधं आमच्या भागात नुकतीच आली होती आणि ‘घाबरायचं काही नाही, लवकर सापडलं, बरं होतं’ हे मी दिवसातून दहादा म्हणायचो. म्हणताना पुढच्या गावचा रस्ता आठवत असायचो, इतकं ते तोंडपाठ झालं होतं.

राहायला आम्ही चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका, क्वार्टर तिच्या नोकरीवर मिळालेलं. बायकोच्या क्वार्टरात राहणारा नवरा म्हणून शेजारी माझी थट्टा करत. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. नळाला पाणी असे आणि वीज तर हाकेच्या अंतरावरच तयार होत होती. माझी कामाची गावं मात्र मूलच्या पलीकडं, सावलीच्या आसपास आणि काही वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला. रोजचं जाणं-येणं दीडशे किलोमीटरच्या घरात. त्यासाठी आमच्या युनिटानं मला एक जुनी, काळी, जड फटफटी दिली होती. तिचा गिअर उजव्या पायाला होता आणि मागचा ब्रेक डाव्या. नवीन माणूस बसला की पहिल्या वळणाला हमखास चुकायचा. मी तिच्यावर बसून पाच गिअरच्या बढाया मारणाऱ्या आजच्या पोरांपेक्षा सुखी होतो असं म्हणणार नाही, पण दुःखी नव्हतो.

पहिल्या महिन्यातच मनगट भरून यायला लागलं. दीडशे किलोमीटर मूठ पिळून धरायची म्हणजे धुणं पिळून तसंच धरून बसल्यासारखं. मूलला बसस्टँडच्या मागं आंब्याखाली एक मिस्त्री बसे. लहानपणी सिरोंच्याकडून आलेला, तेलुगू, हिंदी आणि मराठी यांचा काला करून बोलणारा. त्याला मी मनगटाचं सांगितलं. त्यानं माझ्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहिलं.

‘दिवसभर मूठ पकडून काऊन बसता भाऊ? इथी पेच देल्ला हाये नं.’

मुठीच्या खोबणीखाली, रस्त्याकडं तोंड करून एक बारका स्क्रू होता. मी तो तोवर पाहिलाही नव्हता. तो आत फिरवला की आतली पट्टी मुठीच्या नळीवर दाबली जाते आणि मूठ जिथं ठेवाल तिथं राहते. हात काढला तरी गाडी त्याच चालीनं चालते. मिस्त्रीनं त्या स्क्रूच्या डोक्याला स्टोव्हची एक पितळी चकती झाळून दिली, म्हणजे पेचकस न काढता बोटानं फिरवता येईल. मग त्यानं नियम सांगितला, आणि तो नियम मी नीट ऐकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

‘पाव आटा कसाचा. बस्स. पाव आट्यात मूठ थांबली पायजे, अन् एका बोटानं ढकलली तं वापस आली पायजे. वापस आणाले ताकद लागली म्हणजे समजा, कुठीतरी गडबड हाये.’

त्या पाव आट्यानं, म्हणजे स्क्रूच्या पाव फेऱ्यानं, माझं आयुष्य बदललं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण माझे रस्ते बदलले. चिचपल्ली गेली की पुढं सरळ पट्टा लागतो, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. तिथं मी सुई पंचेचाळीसवर आणायचो, डावा हात हँडलवरून ओलांडून चकती पाव आटा फिरवायचो आणि उजवा हात हळूच मांडीवर ठेवायचो. गाडी आपली चालत राहायची. इंजिनचा आवाज एकसारखा झाला की तो ऐकू येईनासा होतो, मग बाकीचं ऐकू येतं. सकाळच्या वेळी रानकोंबडा, उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांवरून पळणारं काहीतरी, आणि मार्चमध्ये मोहाचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. समोरून बांबूचा ट्रक आला की मूठ ढकलून वेग कमी करायचा, गेला की परत पंचेचाळीस. पेट्रोल कमी लागायचं. गावात पोचल्यावर हात थरथरायचा नाही, त्यामुळं लोकांना तपासताना बरं पडायचं. एवढं सुख त्या वयात मला पुरेसं होतं.

स्क्रू लावणं ही एक कला आहे अशी माझी पक्की समजूत झाली आणि ती मी कोणाहीपुढं पाजळायचो. थंडीत सकाळी आतलं ग्रीस घट्ट असतं, तेव्हा पाव आट्याहून कमी लागतो. ऊन चढलं की ग्रीस पातळ होतं आणि मूठ हळूहळू मागं सरकते, मग थोडा वाढवायचा. खराब रस्त्यावर दणक्यांनी स्क्रू आपणहून सैल पडतो. गावाच्या अलीकडं, छोट्या रेल्वेच्या फाटकाअलीकडं, आणि धान रोवायच्या दिवसांत जिथं बैलं अचानक बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, रस्त्यावर येतात तिथं, तो पूर्ण मोकळा करायचा. हे सगळं मी आमच्या युनिटातल्या माझ्या जोडीदाराला इतक्यांदा ऐकवलं की तो माझ्यासमोर मुठीचं नाव काढेनासा झाला.

हा जोडीदार दुसऱ्या भागाचा तंत्रज्ञ. माझ्याच वयाचा, भद्रावतीकडचा, माजरीच्या खाणीत वडील असलेला. आम्ही दोघंही एकाच वस्तीतल्यासारखे वाढलेलो, भेटलो की जयभीम आणि लगेच भांडण. त्याचं ते पुढं येईल.

दुसऱ्या वर्षी पाव आटा पुरेना. कधी सुरू झालं ते सांगता येत नाही, कारण अशा गोष्टी एका दिवशी सुरू होत नाहीत. पंचेचाळीसवर लावलेली सुई चाळीसवर यायची. मी थोडा कसायचो. मग कधी रस्ता वाकडा असला, स्क्रू मोकळा ठेवावा लागला, की मूठ हातातून मागं निसटायची. जणू स्प्रिंग आधीपेक्षा जोरात ओढतेय. मी मिस्त्रीला म्हटलं, स्प्रिंग कडक झाली. त्यानं कार्ब्युरेटर खोलला, स्प्रिंग पाहिली, म्हणाला ठीक आहे. मी केबलवर आलो. त्यानं केबल काढून उन्हात टांगली, तेल सोडलं, परत बसवली. दोन महिन्यांनी मी नवीन केबल घालायला लावली. तीही कडक निघाली, म्हणजे मला तशी वाटली. मी म्हणालो हल्लीचा माल भिकार. मिस्त्री तंबाखू मळत राहिला.

स्क्रू आता अर्ध्या आट्यावर होता. हिवाळ्यात पाऊण. उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण एक आटा. एवढ्या कसलेल्या मुठीला मागं आणायला मी बोटं नाही, तळहाताची टाच वापरू लागलो. आणि तेही मला माझ्या कलेचाच एक भाग वाटे.

याच काळात जोडीदाराची गाडी बंद पडली आणि दोन दिवसांसाठी त्यानं माझी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चिखलात बुडालेला परत आला. व्याहाडच्या अलीकडं शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यानं सवयीनं मूठ सोडली, कारण मूठ सोडली की गाडी मंदावते हे कोणालाही ठाऊक असतं. माझ्या गाडीची मूठ जागची हलली नाही. गाडी त्याच वेगानं शेळ्यांवर निघाली. त्यानं क्लच दाबला, इंजिन बोंबलायला लागलं, आणि तो बिचारा रस्ता सोडून सरळ उन्हाळी धानाच्या बांधीत उतरला. शेळ्या वाचल्या, तोही वाचला, एका बाजूचा आरसा गेला.

‘काऊन बे, हे मूठ वापस काऊन येत नाई? कोणाचा जीव घेतं का?’

मी त्याला वर शहाणपणा शिकवला. म्हटलं, माझी गाडी समजून घ्यायला वेळ लागतो. तो म्हणाला, ‘गाडी नाई, तुलेच समजून घ्या लागते. एवढं कसाची गरज काय पडली तुले?’ हा प्रश्न अगदी बरोबर होता. मी आरशाचं भांडण काढलं.

आमच्या युनिटात एक नियम होता. रोग्यांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. कागद छापलेला होता, त्यावर हातापायांची चित्रं होती, जिथं जाणीव कमी तिथं खूण करायची. तंत्रज्ञांनी एकमेकांची तपासणी करावी असं ठरलेलं. आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसायचो, मी त्याच्या कागदावर ‘निरोगी’ लिहून सही करायचो, तो माझ्या. डोळे मिटा, हात पुढं करा, हे आम्ही हजारो लोकांना सांगितलं होतं. एकमेकांना सांगायची आम्हाला लाज वाटायची, किंवा तसं करणं पोरकट वाटायचं. खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात रोगी आणि तपासणारा अशा दोन जाती पडल्या होत्या. जाती मोडायच्या घरात जन्मलेल्या आम्हा दोघांना ही जात मात्र दिसली नाही. त्या वर्षीच्या कागदावरही त्यानं माझी दहाही बोटं निरोगी केली.

एप्रिलमध्ये माझ्या उजव्या करंगळीच्या कडेला एक फोड आला. गरम सायलेन्सरला लागला असणार. केव्हा लागला ते मला माहीत नव्हतं. बायकोनं जेवताना पाहिला.

‘केवढा भाजला. दुखत नाई का?’

‘नाही.’

‘असा फोड अन् दुखत नाई?’

‘सवय आहे,’ मी म्हणालो आणि वरण वाढून घेतलं. गावात एखाद्या बाईनं चुलीवर भाजलेला, न दुखणारा फोड दाखवला असता तर मी तिला तिथंच उंबऱ्यावर बसवून सगळा हात तपासला असता. तिच्या नवऱ्याला बोलावलं असतं, भाषण दिलं असतं. स्वतःच्या फोडावर मी बोरिक पावडर टाकली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी मूलला मिस्त्रीकडं गेलो आणि सांगितलं की स्क्रू दीड आटा कसूनही मूठ थांबत नाही, आतली पट्टी झिजली असेल, बदला. त्यानं पट्टी काढून पाहिली. झिजलेली होती, कारण दीड आट्यानं दाबल्यावर झिजणारच. त्यानं नवी घातली नाही. स्क्रूही परत लावला नाही, खिशात टाकला. मग स्वतः गाडीवर बसून चौकापर्यंत गेला आणि आला.

‘केबल मख्खन हाये. स्प्रिंग नरम हाये. लहान लेकरूबी मूठ धरून राह्यते.’

मी चिडलो. म्हणालो, मग मला का जड जाते?

‘बसा. मूठ पकडा. रोज जशी पकडता तशी.’

मी गाडीवर बसून मूठ पकडली. तो माझ्या उजव्या बाजूला उकिडवा बसला आणि माझ्या हाताकडं पाहत राहिला. आंब्याखाली दोन-तीन माणसं होती, तीही पाहू लागली.

‘ते करंगळी बाहेर काऊन राह्यते, भाऊ?’

मी खाली पाहिलं. तीन बोटं मुठीवर नीट होती. करंगळी मुठीला टेकलेलीच नव्हती. ती बाहेरच्या बाजूला, अर्धी वाकलेली, आपल्याच तंद्रीत उभी होती. तिच्या शेजारची अनामिकाही जेमतेम टेकलेली. मी करंगळी आत घ्यायचा प्रयत्न केला. ती आली, पण उशिरा आणि अर्धवट.

त्या बोटाला काय झालंय हे कळायला मला डॉक्टर लागला नाही. ते बोट मी शेकडो हातांवर पाहिलं होतं. मिस्त्री ‘दवाखान्यात दाखवा’ म्हणाला, त्याला एवढंच कळलं होतं की गाडीत दोष नाही. मी मान हलवली. स्क्रू मागितला नाही, आणि त्यानं दिला नाही.

मूल ते ऊर्जानगर हा रस्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चालवला असं म्हणता येईल. स्क्रू नव्हता. मी सुई पंचेचाळीसवर आणायचो, आणि मन जरा दुसरीकडं गेलं की सुई चाळीस, पस्तीस, तीस. मूठ निसटायची, मी पिळायचो, परत निसटायची. तो स्क्रू वर्षभर माझ्या वतीनं मूठ धरून होता, आणि जितकं त्यानं धरलं तितकं मला कळलं नाही. चिचपल्लीच्या अलीकडं मी गाडी ऐनाच्या झाडाखाली थांबवली. उजव्या हातानं डाव्या कोपराच्या आतली नस चाचपली. बारीक, सुतळीएवढी, जशी असायला हवी तशी. मग डाव्या हातानं उजवी चाचपली. ती शिसपेन्सिलीएवढी जाड होती आणि दुखत होती. आजवर मी हजारो कोपरं चाचपली असतील. हे एक माझ्या बाहीत होतं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी काळजी करत बसायला नको. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, रोगाचीही औषधं दिली, रात्री हात सरळ ठेवायला प्लॅस्टरची पट्टी करून दिली. ते माझ्यावर रागावले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. हा रोग अंगात शिरल्यावर कित्येक वर्षं गप्प बसतो, त्यामुळं तो मला कामावर लागला की लहानपणी ब्रह्मपुरीकडच्या माझ्या गावात, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. सहा-सात महिन्यांत ताकद बरीचशी परत आली. जोडीदार ते कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी कोरा छापील कागद घेऊन घरी आला. तेव्हापासून आम्ही एकमेकांना खरोखर तपासल्याशिवाय कधी सोडलं नाही. पण त्या दिवशी ऐनाखाली उभा असताना यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मला फक्त भीती वाटत होती. हाताची, नोकरीची, क्वार्टरातल्या शेजाऱ्यांची, आणि सगळ्यात जास्त, घरी जाऊन सांगायची.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बायको खाटेवर बसून पेपर तपासत होती. मला तहान लागली होती. माठावर नेहमीचा पेला होता, आम्ही दोघं त्यानंच पाणी प्यायचो. मी त्याला हात लावला नाही. मोरीवर जाऊन नळाखाली ओंजळ धरली आणि प्यालो. अर्ध्या ओंजळीत माझ्या लक्षात आलं मी काय करतोय. रोग्याचे ताट-पेले वेगळे ठेवणाऱ्या किती घरांत मी आवाज चढवला होता, किती सासवांना खडसावलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी परत येऊन माठातून पेला भरला आणि तहान नसताना सगळा प्यालो.

‘आज लवकर?’ ती म्हणाली.

‘एक काम कर. तुझं पेन घे अन् इथं बस.’

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पेपर बाजूला सारले. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो, दोन्ही हात पालथे मांडीवर ठेवले. कोपराची नस मी एकट्यानं चाचपली होती, पण जाणीव एकट्याला तपासता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं, आणि आपले डोळे मिटलेले लागतात. मी तिला सांगितलं, बॉलपेनचं टोक बोटांवर नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. क्रम लावायचा नाही, कुठंही टेकवायचं. जिथं टेकवशील तिथं मी दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवीन. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. दहा वर्षं माझ्याबरोबर राहून तिला ते कळत असणार.

मी डोळे मिटले. बाहेर वीज केंद्राची पाळी सुटल्याची बस येऊन थांबली, माणसं उतरल्याचे आवाज आले. माझ्या उजव्या अंगठ्यावर टोक टेकलं. मी दाखवलं. मग मधल्या बोटावर. दाखवलं. मग तर्जनीच्या टोकाला, परत अंगठ्याला. सगळं दाखवलं. मला जरा धीर आला. मग ती थांबली.

मी वाट पाहिली. पंखा वर फिरत होता. शेजारच्या बाई कोणाला तरी कपडे काढायला सांगत होत्या. मला वाटलं हिचं लक्ष दारात गेलं, कोणी आलं असेल.

‘लाव ना,’ मी म्हणालो.

मी हात जरा पुढं सरकवला.

‘अगं लाव ना. किती वेळ झाला.’

‘चारदा लावलं,’ ती म्हणाली.

आता मी काहीतरी म्हणेन याची ती वाट पाहत असावी. घाबरायचं काही नाही, लवकर सापडलं, हे वाक्य माझ्या तोंडात आलं आणि मला म्हणता आलं नाही. लवकर सापडलं होतं की नाही हेच मला माहीत नव्हतं.

‘थांबू का?’ तिनं विचारलं. तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा नव्हता.

‘नाही. पुरं कर. डावाही बघ.’

तिनं माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक बोट ती टेकवत गेली, मी उजव्या हातानं दाखवत गेलो. पाचही कळली. मी डोळे उघडले नाहीत. तिचा चेहरा पाहायची माझी तयारी नव्हती.